पुलाच्या पोटाला चिकटवलेली तार

बरेच महिने इथं काही लिहिलं नाही, कारण एप्रिल आणि अर्धा मे आमच्याच गावच्या नाल्यावरच्या पुलाखाली बसून गेला. नागपूरला ज्या लॅबमध्ये मी प्रोजेक्टवर आहे तिथं सरांनी विचारलं की कोणाच्या ओळखीचा एखादा साधा सिमेंटचा स्लॅबचा पूल आहे काय, जिथं जड गाड्या चालतात आणि खाली बसायला जागा आहे, आणि मी पटकन हात वर केला. यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या तोंडाशी ९ मीटरच्या गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) पूल, वरून दिवसभर कोळशाचे ट्रक अन् वाळूचे टिप्पर, आणि उन्हाळ्यात खाली नाला कोरडा ठणठणीत. मनात म्हटलं काम बी होईल आणि दोन महिने घरची भाकर बी खायला मिळेल. परवानगीचं पत्र यायला तीन महिने लागले, ते सोडून देतो.

काम काय होतं ते आधी सांगतो. पुलावरून ट्रक गेला की स्लॅब खाली वाकतो, वाकला की त्याचं पोट किंचित लांबतं, आणि ते किती लांबलं ते मोजायचं. लांबीतला फरक भागिले मूळ लांबी म्हणजे स्ट्रेन. हा आकडा इतका बारीक असतो की दहा लाखात मोजतात, त्याला मायक्रोस्ट्रेन म्हणतात. एक किलोमीटर लांब धुरा एक मिलीमीटरनं वाढला तर तो एक मायक्रोस्ट्रेन. भरलेला दहाचाकी गेल्यावर आमच्या पुलाच्या पोटात वीस-तीस-चाळीस असं काहीतरी येतं. डोळ्याला कप्पाळ दिसणार.

हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे फॉइलची स्ट्रेन गेज. कागदाच्या कपट्याएवढी, आत बारीक धातूची जाळी, ताणली की तिचा रेझिस्टन्स बदलतो. हिच्या आधीची तारेची गेज १९३८ साली अमेरिकेत दोन ठिकाणी दोघांना वेगवेगळी सुचली, त्यातले एमआयटीचे आर्थर रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं ते पाहून राहिले होते. म्हणजे आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीसारख्याच टाक्या. फॉइलची गेज चांगली गोष्ट आहे, स्वस्त आहे, मी अजूनही वापरतो. पण आमच्या पुलापासून थोड्या अंतरावरून हायटेन्शन लाइन जाते (आमच्या भागात कुठं जात नाही सांगा, चंद्रपूरचं एकटं थर्मल २९२० मेगावॅटचं आहे) आणि गेजचा सिग्नल असतो मिलिव्होल्टच्याही खालचा. पहिल्या दिवशी तुलनेसाठी एक फॉइल गेज लावली तर स्क्रीनवर ट्रक नाही नि काही नाही, नुसती लाइनच्या विजेची ५० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५० वेळा) घूं घूं. तारांना शिल्ड करा, अर्थिंग करा, सगळं होतं, पण कोरड्या नाल्यात अर्थिंगसाठी ओल शोधणं म्हणजे वेगळंच काम.

म्हणून ऑप्टिकल फायबर. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त उजेड जातो, तर तिला हायटेन्शनशी काय घेणं. काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसापेक्षा थोडी जाड, आणि उजेड चालतो तो तिच्या मधल्या आठ-नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. त्या गाभ्यात एखाद्या ठिकाणी दहा मिलीमीटर लांबीत आडव्या रेघा पाडलेल्या असतात, कोरलेल्या नाही, तर तिथं काचेचा गुणधर्म किंचित बदललेला असतो. वावरात कपाशीचे तास, म्हणजे ओळी, असतात ना, सारख्या अंतरावर, तसंच. फक्त इथं दोन तासांमधलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आणि दहा मिलीमीटरमध्ये असे अठरा-एकोणीस हजार तास. या तासांच्या अंतराला जो रंग (म्हणजे उजेडाच्या लाटेची लांबी) जुळतो तेवढाच उजेड परत फिरतो, बाकी सगळा पुढं निघून जातो. फायबर ताणली की तासांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारा रंग सरकतो. बस एवढंच आहे. याला फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात, ब्रॅग म्हणजे तेच ज्यांना २५ व्या वर्षी, १९१५ ला नोबेल मिळालं, त्यांनी क्ष-किरणांसाठी काढलेला नियम इथं लागू पडतो.

आणि ही ग्रेटिंग सापडली कशी तर चुकून म्हणावं अशी. १९७८ मध्ये कॅनडात केन हिल आणि त्यांची मंडळी फायबरमध्ये लेसर सोडून बसले होते, तर हळूहळू उजेड परत येणं वाढतच गेलं, म्हणजे उजेडानं स्वतःच काचेत तास पाडले होते. मग १९८९ ला मेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी बाजूनं अल्ट्राव्हायोलेट मारून पाहिजे त्या रंगाची ग्रेटिंग पाडून दाखवली आणि तिथून सेन्सर म्हणून हिचा खरा जम बसला.

आमच्याकडच्या ग्रेटिंग १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या, हा उजेड डोळ्याला दिसत नाही, म्हणून कनेक्टरच्या तोंडात डोळा घालून कोणी पाहू नये, पोरं लगेच पाहतात. एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे रंगात १.२ पिकोमीटरचा फरक. एका अणूची रुंदी शंभरेक पिकोमीटर धरा. म्हणजे अणूच्या शंभराव्या हिश्शाएवढा सरक आम्ही नाल्यात बसून, अंगावर माशा घेत, मोजून राहिलो होतो. मला अजूनही याचं नवल वाटतं, खोटं कशाला बोलू.

एकाच फायबरवर सहा ग्रेटिंग होत्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, माळेत मणी ओवल्यासारख्या, त्यामुळं सहा सेन्सरला मिळून तार एकच. ती वाचणारा डब्बा, इंटरॉगेटर, मात्र काही लाखांचा. सरांनी तो देताना माझ्याकडं असं पाहिलं की जणू पोरगी देऊन राहिलेत.

गावात बातमी पसरली की पुलावर नेट येऊन राहिलं. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आलेली सगळ्यांनी पाहिली आहे, तशीच ही तार, तसाच हिरवा कनेक्टर, मग लोकांची काय चूक. रोज संध्याकाळी दोन-तीन पोट्टे मोबाइल घेऊन कठड्यावर बसत आणि विचारत, "भाऊ, सुरू झालं काय?"

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे वेगानं बदलणारा स्ट्रेन मोजणं, आणि तिथं मी जे दोन गाढवपणे केले ते.

दहाचाकी ट्रक, २०१८ च्या बदललेल्या नियमानं भरून २८.५ टन. ताशी ४० नं आला तर सेकंदाला ११ मीटर. ९ मीटरचा गाळा त्याचं एक चाक सेकंदाच्या आत पार करतं. मागचे दोन अॅक्सल एकमेकांपासून सव्वा-दीड मीटरवर, म्हणजे पहिल्यानंतर दुसरा येतो ०.१२ सेकंदानं. पापणी लवायला बी एवढाच वेळ लागत असेल. आणि मी पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू केलं, सगळे सहा रंग हिरवेगार दिसले, खुश झालो आणि दिवसभर डेटा घेतला. रात्री उघडून पाहतो तर एक ट्रक दिसतो, पुढचे दोन गायब, मग एक अर्धवट. वहीत माझ्या हातानं लिहिलेले चाळीसच्या वर ट्रक होते, स्क्रीनवर डझनभर. सेटिंग पाहिलं तर सेकंदाला एक रीडिंग, डब्ब्यासोबत जे येतं तेच. ते सेटिंग धरणाच्या भिंतीसाठी ठीक आहे जिथं दिवसाला काही सरकत नाही. ट्रक दोन रीडिंगच्या मधून निघून गेला आणि मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं आता सेकंदाला दहा घेऊ, लय झालं. या वेळी ट्रक सगळे दिसले. पण एक विचित्र गोष्ट, ट्रक उतरून गेल्यावर पूल सेकंदाला एकदा असा संथ झुलताना दिसे, पाळण्यासारखा. माझी तर तंतरली. ९ मीटरचा जाडजूड स्लॅब सेकंदाला एकदा झुलतोय म्हणजे तो स्लॅब राहिलाच नाही, झोका झाला. रात्री घरी बाबांना बोललो तर ते म्हणे, "चाळीस वर्सं झाले त्या पुलावरून बंडी नेतो मी, कधी झुलला नाई थो."

सरांना फोन केला तर सर पहिले हसले. मग म्हणाले, घरात ट्यूबलाइट लाव आणि फॅन फुल कर. फॅन फिरता फिरता मधेच उलटा फिरल्यासारखा दिसतो ना, तेच. स्लॅब खरं म्हणजे सेकंदाला नऊ वेळा थरथरत होता, आणि मी सेकंदाला दहा वेळा पाहत होतो, म्हणजे दर वेळी एका थरथरीपेक्षा जरासा मागं पडत, तर ती थरथर मला सेकंदाला एक अशी दिसली. याला एलियासिंग म्हणतात, परीक्षेत मी यावर पाच मार्काचं उत्तर लिहिलेलं आहे, पाचपैकी साडेचार मिळाले होते. आणि याची वाईट गोष्ट ही की एकदा डेटा असा घेतला की नंतर कॉम्प्युटरवर काही केलं तरी दुरुस्त होत नाही, खोटा झुला खऱ्यासारखाच दिसतो. तिसऱ्या दिवसापासून सेकंदाला १००० रीडिंग. सहा सेन्सर, तासाला पावणेदोनशे एमबीच्या घरात, लॅपटॉपचं पोट फुगलं, पण आता प्रत्येक अॅक्सल वेगळा दिसायला लागला. पुढचा अॅक्सल छोटा डोंगर, मागचे दोन जोडडोंगर, आणि ट्रक उतरल्यावर नऊच्या ठेक्यात विरत जाणारी शेपटी. पहिला असा ट्रक स्क्रीनवर पाहिला तेव्हा मी पुलाखाली एकटाच "अरे वा बाप्पा" म्हणून ओरडलो आणि सावलीला बसलेल्या बकऱ्या उठून पळाल्या.

वेगात मोजण्याचा एक फायदा मला तिथं बसूनच नीट कळला. फायबरला उन्हाचं भारी वावडं, एका डिग्रीला १० पिकोमीटर ती नुसतीच सरकते, वरून काँक्रीट फुगतं ते वेगळं, सगळं धरलं तर एका डिग्रीला अठरा-वीस मायक्रोस्ट्रेन दिसतात. एप्रिलात सकाळ ते दुपार दहा-बारा डिग्री म्हणजे दोनशेच्या वर, आणि ट्रकचे जेमतेम तीस. संथ मोजणाऱ्या माणसाला यासाठी शेजारी टेम्परेचरची वेगळी ग्रेटिंग लावावी लागते, हिशोब करावा लागतो, डोकं फिरतं. आपल्याला काय, ऊन चढतं बैलाच्या चालीनं आणि ट्रक जातो सेकंदात, त्या एका सेकंदात ऊन कुठं चढतं? ट्रक यायच्या आधीची रेघ शून्य धरायची आणि पुढचं वाचायचं.

पण चार नंबरचा सेन्सर वाकड्यात होता. बाकीचे तीस दाखवत तेव्हा हा आठ, आणि त्या आठवर एक बारीक कडकड, जसं पत्र्यावर कोणी नख वाजवावं. मी आधी कनेक्टरवर संशय घेतला, कारण गावच्या धुळीचा एक कण त्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर बसला की खेळ खलास, आधीच अर्धा दिवस असा गेला होता. पुसला, फरक नाही. मग गोंदावर संशय घेतला. चिकटवणं हेच यातलं अर्ध्याच्या वर काम आहे हे कोणी सांगत नाही. ग्राइंडर मारायचा, पॉलिश पेपर, मग अॅसिटोननं पुसायचं, कापूस पांढरा निघेपर्यंत, मग इपॉक्सी, आणि वर तोंड करून, हात दुखेपर्यंत दाबून धरायचं, इपॉक्सी कोपरापर्यंत ओघळते. तेही परत केलं. तरी आठच.

बाबा त्या दिवशी डब्बा घेऊन आले होते, ज्वारीची भाकर अन् आंबाडीची भाजी. बाबा तीस वर्षं मिस्त्रीकाम करतात. त्यांनी शिडीवर चढून सेन्सरच्या बाजूला हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. टक, टक, टक, आणि चार नंबरपाशी बद्द.

"इथं काहून लावला बे? हे पोकय हाय."

"काँक्रीट आहे बाबा ते."

"प्लास्टर हाय. सुटलं हाय थे. माठ घेतानी तुही माय वाजवून पाह्यते, तू पुलाले वाजवून नाई पाह्यलं?"

छिन्नी लावली तर तळहाताएवढी खपली खाली पडली, माझ्या सेन्सरसकट. मागं कधीतरी डागडुजी करणाऱ्या कोण्या ठेकेदारानं उघडी पडलेली जागा झाकायला दोन सेंटीमीटरचा गिलावा फासला होता, रंग मारून काँक्रीटसारखा केला होता, आणि मी त्या गिलाव्याचा स्ट्रेन पिकोमीटरमध्ये मोजून राहिलो होतो. ती कडकड म्हणजे सुटलेला गिलावा ट्रकसोबत वाजत होता. इंटरॉगेटरनं काहीच चूक केली नव्हती, ज्याला चिकटवलं त्याचं त्यानं बरोबर सांगितलं.

खपली पडली त्यातून आणखी एक गोष्ट दिसली. आतलं काँक्रीट, त्यात २० मिलीमीटरची गिट्टी, आणि माझी ग्रेटिंग १० मिलीमीटरची. म्हणजे ती एखाद्या गिट्टीच्या खड्यावरच बसली तर त्या खड्याचा स्ट्रेन सांगणार, आणि नेमकी बारीक भेगेवर बसली तर भेग उघडते तेवढा भलामोठा आकडा. लोखंडाच्या गर्डरवर हा त्रास नाही, काँक्रीटवर आहे. म्हणून या वेळी फायबर पूर्ण न चिकटवता २५ सेंटीमीटर अंतरावर दोन टोकं पकडली आणि मध्ये जरा ताणून सोडली, म्हणजे गिट्टी, चुरी, भेग सगळ्याचा मिळून सरासरी आकडा येतो. ताण किती द्यायचा ते स्क्रीनवर पाहून ठरवलं, बाबांनी एक टोक धरलं, मी दुसरं. फायबर त्यांच्या बोटात दिसत बी नव्हती, ते म्हणे, "तुटंल का रे?" सरळ ताणलं तर ती बरंच सहन करते, पण दुमडली की खट्. हे सांगेपर्यंत खट् झालं. दुसरा तुकडा.

दुसऱ्या वेळी नीट बसली, आणि पहिलाच ट्रक, शेजाऱ्यांच्या ओळीत, एकतीस.

त्या नंतरच्या आठवड्यात इंटरॉगेटरची बॅटरी बसली आणि लाइट नव्हती, तर काकांच्या फवारणी पंपातली बारा व्होल्टची बॅटरी काढून लावली. चार तास चालली, मस्त. काकांनी त्या दिवशी फवारणी राहिली म्हणून मला अजून माफ केलेलं नाही.

आता या सगळ्यातून निघालं काय. एका ओळखीच्या ड्रायव्हरभाऊंना चहा पाजून विनंती केली की तोच भरलेला ट्रक एकदा बैलगाडीच्या स्पीडनं न्या आणि एकदा रोजच्यासारखा. हळू नेला तर तीसच्या आसपास. रोजच्या स्पीडनं आला तर पंचेचाळीसच्या वर, तोच ट्रक, तोच माल. वजन वाढलं नाही, मग दीडपट कुठून आली? पुलाच्या तोंडाशी डांबराचं एक ठिगळ आहे, मुठीएवढं उंच. ट्रक त्याच्यावरून आदळतो, चाकं सेकंदाला दहा-बारा वेळा उसळत पुलावर येतात आणि पुलाची स्वतःची थरथर नऊची, दोन्ही ठेके जवळजवळ जुळतात. डिझाइन करताना हे धरलेलं असतं, आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमात काँक्रीटच्या पुलाला ४.५ भागिले (गाळा अधिक ६), म्हणजे ९ मीटरला ३० टक्के जास्तीचं धरा असं एक सूत्र आहे. आमच्याकडं तीसच्या जागी पन्नास टक्के. एका ट्रकच्या दोन फेऱ्यांवरून कोणी निष्कर्ष काढू नये, मीही काढत नाही, पूल पडणार वगैरे असलं काही म्हणत नाही, व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. पण माझं मत विचाराल तर पुलाला काही करण्याआधी ते ठिगळ सपाट करा, एका रोलरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. हे सेकंदाला एक रीडिंग घेणाऱ्याला जन्मात दिसलं नसतं, त्याला वाटलं असतं ट्रक ओव्हरलोड आहे.

आणि दुपारी लांबून खदानीत ब्लास्ट होतो तेव्हा घरात फळीवरची ताटं वाजतात, सगळ्या गावाचा प्रश्न तोच होता की पुलाला त्यानं काय होतं. ब्लास्टचे नियम स्ट्रेनमध्ये नसतात, जमिनीच्या हलण्याच्या वेगात असतात, डीजीएमएसच्या (खाणींची सुरक्षा पाहणारं सरकारी खातं) १९९७ च्या परिपत्रकात गावच्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलीमीटर, ८ ते २५ ला १०, त्याच्या वर १५. ते मोजायला जिओफोन पाहिजे, तो माझ्याकडं नव्हता. माझ्या तारेत ब्लास्ट दिसला, पण एक-दोन मायक्रोस्ट्रेनची कुजबुज, ट्रकपुढं काहीच नाही. हे फक्त पुलाचं सांगून राहिलो, घराच्या भिंतींचं नाही, मातीची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब यांचं गणित एक नाही. सरपंचांना हे तीनदा समजावलं, तरी ते चौथ्यांदा विचारतात.

मेच्या मध्यात एक दिवस सकाळी गेलो तर सहाचे सहा सेन्सर गायब. तार खालून आडवी नेली होती, कंबरेच्या उंचीवर, आणि एका बकरीनं ती मधोमध चावली होती. बकऱ्यावाले बुवा शेजारीच उभे, म्हणे, "गोड लागते काय जी थे?" स्प्लायसिंग मशीन नागपूरला, मी इथं. जोडून आणेपर्यंत अवकाळीनं नाल्यात गुडघाभर पाणी आलं.

आता पोळ्याच्या आसपास परत जायचं आहे, पाणी ओसरलं तर. अर्धा इंची पीव्हीसी पाइप २० मीटर, क्लिपा, आणि बाबांची छोटी हातोडी, एवढं लिस्टमध्ये वाढवलं आहे. ठिगळ अजून तिथंच आहे, काल भावानं फोटो पाठवला.